‘गुलदार’ सरळ कसं बसवायचं? – निवृत्त लँडिंग जहाजाचं कृत्रिम रीफ करताना

खडकसावली

सिंधुदुर्गातल्या निवती रॉकजवळ ‘आयएनएस गुलदार’ समुद्रतळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ (समुद्री जिवांना आसरा देणारा खडक) करायच्या प्रकल्पावर बातम्या ढीगभर आल्या. बहुतेकांत ४६.९१ कोटींचा आकडा आणि ‘पाणबुडीतून मासे बघा’ एवढंच. इथे जहाजाबद्दल बोलू या.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी: कुंभीर वर्गातलं, रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारं मध्यम आकाराचं जहाज. पोलंडच्या ग्दिनियात बांधलेलं. ३० डिसेंबर १९८५ ला नौदलात दाखल झालं, १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरला ‘चीता’ आणि ‘कुंभीर’सोबत निवृत्त. लांबी ८३.९ मीटर, रुंदी ९.७ मीटर, वजन अकराशे टनांच्या आगेमागे. २०२५ मध्ये कारवारला नौदलाने ते महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवलं आणि तिथून विजयदुर्गला आणलं गेलं.

प्रश्न असे: लँडिंग जहाज बुडवणं हे साध्या मालवाहू जहाजापेक्षा वेगळं का? साफसफाई म्हणजे नेमकं काय काय काढायचं? किती खोल बसवावं? आणि आपल्या पावसाळ्यात ते जागेवर राहील का? जाणकारांनी लिहावं.

समतोल

पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

कुठलंही जहाज बुडवताना ते बुडेल का ही चिंता नसते, ते हमखास बुडतं. चिंता असते ती बुडतानाच्या शेवटच्या काही मिनिटांत ते कलंडेल का याची. सरळ बसलं तर डेक वर, दारं उभी, सूर्यप्रकाश आत. कुशीवर पडलं की जिने भिंती होतात, खोल्यांची दारं छतात जातात, पाणबुड्याला (डायव्हरला) आत दिशाच कळत नाही.

लँडिंग जहाजाची अडचण अशी की त्याचा गुण हाच बुडवताना त्याचा दोष ठरतो. रणगाडे नाळेतून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकातून, सरळ आत-बाहेर करायचे असल्याने पोटात एक लांबच लांब, मध्ये आडवी-उभी भिंत नसलेली जागा असते. तिच्यात गुडघाभर पाणी शिरलं की जहाज थोडं कललं तरी सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. परातीत पाणी घेऊन चालून बघा, तेच.

आकड्यात सांगतो. समजा ही जागा ५० मीटर लांब आणि ६.५ मीटर रुंद आहे. मोकळ्या पाण्यामुळे स्थिरतेत होणारी घट = लांबी × रुंदीचा घन ÷ १२, भागिले जहाजाने बाजूला सारलेल्या पाण्याचं घनफळ. म्हणजे ५० × २७४.६ ÷ १२ = साधारण ११४४. जहाज ११०० टनांचं धरलं तर घनफळ १०७३ घनमीटर. घट आली १ मीटरच्या थोडी वर. या आकाराच्या जहाजाच्या मेटासेंट्रिक उंचीतून (कललेलं जहाज परत सरळ होण्याची क्षमता दाखवणारं माप) एक मीटर गेला तर हातात फारसं काही उरत नाही.

आता त्याच जागेच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, एक तात्पुरती पोलादी भिंत उभी करा. रुंदी निम्मी झाली, पण सूत्रात रुंदीचा घन आहे. त्यामुळे दोन्ही अर्ध्यांची मिळून घट पाव पटीवर येते, साधारण २७ सेंटीमीटर. एका भिंतीने पाऊण मीटर स्थिरता परत मिळाली. आडवी भिंत घालून हा फायदा मिळत नाही, ही चूक पुष्कळदा होते. आडव्या भिंतीने लांबी तुटते, रुंदी तशीच राहते, बेरीज तीच.

दुसरा मार्ग क्रमाचा. आधी तळाच्या टाक्या आणि दुहेरी तळ पूर्ण भरून घ्यायचा, काठोकाठ, अर्धवट नाही. पूर्ण भरलेल्या टाकीत पाणी हलत नाही, उलट तिचं वजन खाली असल्याने जहाज स्थिर होतं. मग इंजिनखोली. रणगाड्यांची जागा सर्वांत शेवटी आणि शक्य तितक्या झपाट्याने, म्हणजे ‘अर्धी भरलेली’ अवस्था कमीत कमी काळ टिकेल.

हे पुस्तकी नाही. अमेरिकेचं ‘स्पीगेल ग्रोव्ह’, १५५ मीटर लांबीचं, पोटात गोदी असलेलं लँडिंग जहाज, फ्लोरिडाच्या की लार्गोजवळ १७ मे २००२ ला ठरल्या वेळेच्या काही तास आधीच पाणी भरून उलटं झालं. नाळ पाण्याबाहेर, बाकी सगळं डोक्यावर. जूनमध्ये मोठा खर्च करून ते उजव्या कुशीवर आणलं. ऑस्ट्रेलियाचं ‘टोब्रुक’ हेही लँडिंग जहाज, १२७ मीटर, २९ जून २०१८ ला क्वीन्सलंडच्या वाइड बे भागात बुडवलं. सरळ बसायचं होतं, बसलं उजव्या कुशीवर. उलट थायलंडचं ‘चांग’, मूळचं दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी एलएसटी (रणगाडे उतरवणारं जहाज), २०१२ मध्ये को चांगजवळ बुडवलं ते सरळ उभं आहे. म्हणजे जमतं, पण आपोआप नाही.

लोखंडकाम

वरच्या प्रतिसादाला जोडून. आत येणाऱ्या पाण्याइतकीच आतून बाहेर जाणारी हवा महत्त्वाची. प्रत्येक खणाला तळाशी एक भोक आणि छताच्या सर्वांत उंच कोपऱ्यात दुसरं. छताखालच्या तुळयांच्या मधल्या कप्प्यांत हवा अडकते, तिथे प्रत्येक कप्प्याला पन्नास मिलिमीटरचं छिद्र तरी हवं. एका बाजूच्या खोलीत हवा अडकली, दुसऱ्या बाजूची भरली, की झालाच कल सुरू.

पाणी किती वेगाने येतं त्याचा अंदाज: भोक पाण्याखाली १ मीटर असेल तर वेग सेकंदाला ४.४ मीटर, कडांमुळे प्रत्यक्षात त्याच्या ६० टक्के धरा. अर्धा मीटर बाय अर्धा मीटर भोकातून मिनिटाला साधारण ४० घनमीटर. म्हणून डाव्या-उजव्या भोकांचं क्षेत्रफळ अगदी सारखं आणि समोरासमोर हवं. कापणाऱ्याने एका बाजूला ‘थोडं मोठं’ कापलं तर ते चालून जात नाही.

भोकं जलरेषेच्या वर गोदीतच कापून ठेवायची, त्यावर पातळ पत्रा टाके-वेल्डने लावायचा, म्हणजे ओढून नेताना लाटेचं पाणी आत येत नाही. नेमकं इथे घात होतो. रिकामं, हलकं झालेलं जहाज आणि बाजूंना अर्धवट बंद भोकं, अशा स्थितीत वारा वाढला तर जागेवर पोचायच्या आधीच पाणी भरतं.

भरती_ओहोटी

स्फोटकं वापरायची का? कापणारी ताम्रपट्टीची स्फोटकं लावली की सगळी भोकं एकाच क्षणी उघडतात, जहाज दोन मिनिटांत खाली. फ्लोरिडातल्या ‘की वेस्ट’चं ‘व्हँडेनबर्ग’ जहाज २००९ मध्ये असंच दोन मिनिटांच्या आत गेलं आणि सरळ बसलं.

समतोल

वेग हा फायदा खराच, ‘अर्धवट भरलेली’ अवस्था सेकंदांत उरकते. पण सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत कुबडे डॉल्फिन आणि पंखहीन पॉर्पॉइज दोन्ही आहेत, कासवं आहेत. पाण्याखालच्या स्फोटाचा दाब त्यांच्या कानाला आणि फुप्फुसाला झेपत नाही, माशांचा वाताशय फुटतो. एवढ्या लहान जहाजाला झडपा उघडून आणि पंप लावून, वर सांगितलेल्या क्रमाने भरणं जमण्यासारखं आहे. मात्र मग मधली भिंत सोडून चालणार नाही. भिंत नाही आणि स्फोटकंही नाहीत, हा पर्याय माझ्या मते नाहीच.

दिवस निवडताना भांगाचे घ्यावेत, अष्टमी-नवमीच्या आसपास. उधाणात प्रवाह जहाजाला आडवं फिरवतो आणि चार दिशांचे नांगर ताणले जातात.

लोखंडकाम

आता साफसफाई. क्रम महत्त्वाचा, कारण चुकला तर माणसं मरतात.

आधी द्रवं. डिझेल, वंगणतेल, हायड्रॉलिक तेल, तळाशी साठलेलं तेलकट पाणी, सांडपाणी उपसायचं. मग गरम पाण्याच्या दाबाने टाक्या धुवायच्या, गाळ खरवडायचा, पुसायच्या. त्यानंतर वायुमापन: ऑक्सिजन २१ टक्के आणि ज्वलनशील वायू खालच्या स्फोटमर्यादेच्या १ टक्क्याच्या आत. हा दाखला मिळाल्याशिवाय कटर पेटवायचा नाही, आणि दाखला त्या दिवसापुरताच. टाकी स्वच्छ झाली का हे बघायची सोपी रीत म्हणजे तीत पाणी भरून एक रात्र ठेवा, सकाळी वर तेलाचा इंद्रधनुषी पापुद्रा दिसला तर पुन्हा धुवा. टाक्यांपेक्षा नळ्या त्रास देतात. वाकणात लिटर-दोन लिटर तेल बसून राहतं आणि जहाज खाली गेल्यावर महिनाभर थेंब थेंब वर येत राहतं.

दुसरं, विषारी घन पदार्थ. जहाज १९८० च्या दशकातलं. त्या काळच्या जहाजांच्या केबलींच्या वेष्टनात, रबरी गॅस्केटांत, काही रंगांत पीसीबी (न विघटणारी विषारी क्लोरीनयुक्त रसायनं) आढळतात. अमेरिकी नियमात दशलक्ष भागांत ५० भाग ही मर्यादा आहे. नमुने न तपासता ‘नसेल’ म्हणणं चालत नाही, आणि तपासत बसण्यापेक्षा सगळ्या केबली ओढून काढणं अनेकदा स्वस्त पडतं. तसंही केबली राहू देऊच नयेत. त्यांचे क्लिप गंजले की त्या वेलींसारख्या लोंबतात आणि पाणबुड्याच्या सिलिंडरच्या झडपेत अडकतात.

यादीत पुढे: अ‍ॅस्बेस्टॉसची लॅगिंग (नळ्यांवरचं उष्णतारोधक वेष्टन), शिशाचे रंग, बॅटऱ्या, ट्यूबलाइट आणि पारा असलेली उपकरणं, वातानुकूलन आणि आगविझवणीचे वायू, काचलोकर, फोम, लाकडी-प्लास्टिकच्या भिंती, गाद्या, जमिनीवरचं लिनोलियम. तळाला लावलेला शेवाळरोधक रंग वेगळा तपासायचा. जुन्या थरांत ट्रायब्युटिलटिन असू शकतं, ते कालवांना आणि शंखांना बाधतं. ज्यावर जीव बसावेत म्हणून खटाटोप, त्यालाच जीव मारणारा रंग ठेवून भागणार नाही.

जहाज ढकलणारे पंखे (प्रोपेलर) ब्राँझचे असतात, ते काढून विकतात. काढल्यावर शाफ्टची तोंडं वेल्डने बंद करायला विसरू नये.

खडकसावली

इंजिनं काढायची का? भंगाराचे पैसे येतील.

समतोल

पैसे येतील, स्थिरता जाईल. इंजिनं तळाशी असतात. ती काढली की जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो. ‘भंगारातून खर्च निघेल’ या हिशेबात हे कुणी धरत नाही. काढलीच तर तेवढंच वजन काँक्रीटच्या ठोकळ्यांनी तळाला परत द्यायचं, ठोकळे वेल्ड केलेल्या पट्ट्यांनी जखडून. सैल ठोकळा कल आला की घसरतो आणि कल पक्का करतो. बरं तर असं की इंजिनं स्वच्छ करून ठेवावीत आणि वरची डोलकाठी, रडारचे मनोरे, तोफांचे वरचे भाग कापावेत. एका दगडात दोन पक्षी: वजन वरून कमी होतं आणि डोक्यावरचं पाणीही वाढतं.

साफसफाईनंतर कलाची चाचणी पुन्हा करायची. माहीत असलेलं वजन डेकवर डावीकडून उजवीकडे हलवून ओळंबा किती सरकतो ते मोजायचं. बांधणीच्या वेळचे जुने आकडे आता निरुपयोगी.

बारावाव

खोलीबद्दल. आमच्याकडे पाणी वावात मोजतात, १२ वाव म्हणजे २२ मीटर, आणि या आकाराच्या जहाजाला तेवढं पाणी मला योग्य वाटतं. नकाशावरची खोली ओहोटीच्या पातळीची असते हे लक्षात घ्या. समजा कापाकापीनंतर तळापासून सर्वांत उंच टोक १२ मीटर उरलं, तर वर १० मीटर पाणी राहतं. मासेमारी नौकांना पुरेसं, मोठ्या जहाजांचा तो मार्ग नसावा.

पाणबुड्यांच्या बाजूने: प्राथमिक प्रमाणपत्राला १८ मीटरची मर्यादा, त्यांना डेक आणि केबिन मिळतात. वाळूपर्यंत जायला पुढचं प्रमाणपत्र, ३० मीटरपर्यंतचं. २२ मीटरवर दाब ३.२ बार. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला तिथे ६४ लिटर लागते. नेहमीचा ११.१ लिटरचा अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर २०० बारला भरला, ५० बार राखीव ठेवला, तर उरतात १६६५ लिटर, म्हणजे २६ मिनिटं. शरीरात विरघळणाऱ्या नायट्रोजनमुळे किती वेळ खाली राहता येतं हे सांगणाऱ्या, मनोरंजनासाठीच्या तक्त्यात २२ मीटरला, वर येताना थांबे न घेता, ३७ मिनिटं मिळतात. म्हणजे नायट्रोजनची मर्यादा यायच्या आधी हवा संपते, आणि नवशिक्याची हवा याहून लवकर संपते. तीसच्या खाली बसवलं तर तक्त्यात २० मिनिटांपेक्षा कमी, खर्च वाढतो आणि गिऱ्हाईक घटतं.

आतल्या वाटा: प्रत्येक खोलीला किमान दोन बाहेर जायच्या वाटा, दीड बाय दीड मीटरच्या, कडा घासून गुळगुळीत. कुठेही उभं राहिलं तरी बाहेरचा उजेड दिसला पाहिजे. जिथे हे शक्य नाही, उदाहरणार्थ इंजिनखोलीच्या खालचा मजला, तिथे जाळी वेल्ड करून कायमचं बंद. दारं काढून टाकावीत. ‘उघडी वेल्ड केली’ म्हणतात, पण वेल्ड गंजतं आणि दार एके दिवशी बंद होतं, आत कोण आहे ते न बघता. मार्च २००७ मध्ये त्या ‘स्पीगेल ग्रोव्ह’च्या आत, परतीची दोरी न लावता गेलेले तीन पाणबुडे दगावले. आत चिखलाचा बारीक थर असतो. फिन एकदा जोरात हलला की दहा सेकंदांत हात दिसत नाही.

नाळेच्या दारांचं वेगळं. सगळ्यांना वाटतं की ती उघडी ठेवावीत, फोटो छान येईल. बिजागरीवर लटकलेलं टनावारी वजनाचं दार पाण्याखाली ठेवू नये. दार बंद वेल्ड करा आणि त्यातच प्रवेशाचं भोक कापा. फोटो तसाही येतो.

नैर्ऋत्य

पावसाळ्यावर कुणी बोललं नाही अजून. सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे.

दहा सेकंदांच्या लाटेची खोल पाण्यातली लांबी १५६ मीटर. तिची हालचाल लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत, म्हणजे ७८ मीटरपर्यंत जाते. २२ मीटर तिच्यासाठी उथळच. चार मीटर उंचीची लाट धरली तर २२ मीटरवर तळाशी पाणी सेकंदाला साधारण ०.९ मीटर वेगाने पुढे-मागे होतं, दर दहा सेकंदांनी एक फेरी. जून ते ऑगस्ट, रात्रंदिवस.

‘स्पीगेल ग्रोव्ह’ ४० मीटरच्या आसपास होतं, तरी जुलै २००५ च्या ‘डेनिस’ चक्रीवादळाने त्याला कुशीवरून उचलून सरळ उभं केलं. माणसांना जमलं नव्हतं ते लाटांनी केलं, पण उलटंही होऊ शकलं असतं. न्यूझीलंडचं ‘वेलिंग्टन’ नोव्हेंबर २००५ मध्ये त्याच नावाच्या शहराच्या दक्षिण किनाऱ्यावर बुडवलं, पंचवीसेक मीटर पाण्यात. काही महिन्यांतच दक्षिणेकडच्या वादळात त्याचे तुकडे झाले.

म्हणून दोन गोष्टी. नाळ पश्चिम-नैर्ऋत्येकडे, येणाऱ्या लाटेच्या तोंडाशी. आडवं बसलं तर ८४ मीटरची भिंत लाटेला तोंड देणार, सरळ बसलं तर पावणेदहा मीटरची. आणि बाजूंना भोकं सढळ हाताने, म्हणजे पाणी अंगावर आदळण्याऐवजी आरपार जातं. पाणबुड्यांच्या वाटांसाठीची भोकं इथेही कामी येतात. निवती रॉकच्या खडकांची आड कुठल्या बाजूला मिळते हे बघूनच जागा पक्की करावी.

तळ: खडकावर दोन-तीन मीटर वाळू, असा सर्वांत बरा. निव्वळ खडकावर सपाट तळाचं जहाज घसरतं, निव्वळ चिखलात रुतत जातं. वाळूतही टोकांखालून ती उपसली जाते आणि मधला भाग आधारावर, टोकं हवेत अशी स्थिती येते. पहिल्या पावसाळ्यानंतर टोकांखालच्या खळग्यांची मापं घ्यायलाच हवीत.

रापणकर

मच्छीमारांच्या बाजूने थोडं. अशा जागी तांबोशी, गोब्रा, शेवंड येतात, आणि त्यामागे जाळी येतात. ट्रॉलरचं जाळं जहाजात अडकलं की तो ते कापून जातो. जाळं मात्र तिथेच राहतं, वर्षानुवर्षं मासे मारत. नायलॉन कुजत नाही. त्यामुळे जागेचे अचूक अक्षांश-रेखांश नौदलाच्या जलसर्वेक्षण कार्यालयाच्या नकाशावर चढणं, नाविकांना सूचना निघणं आणि प्रत्येक बंदरावरच्या सोसायटीत ते फळ्यावर लागणं, ही तिन्ही कामं बुडवण्याच्या आधीची. जीपीएस बहुतेक नौकांवर आहे. आकडे दिले तर लोक टाळतात, जाळं स्वस्त नसतं.

दुसरं, भोवती किती परिघात मासेमारी बंद हे आधी ठरवा आणि कमीत कमी ठेवा. ‘नंतर बघू’ म्हटलं की रापणवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार) आणि पर्यटनवाले यांच्यात जुंपते. मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे, तेव्हापासूनचा संशय अजून विझलेला नाही.

कालवं

‘प्रवाळ येणार’ या वाक्यावर जरा लगाम हवा. पोलादावर आधी काही तासांत जिवाणूंचा चिकट थर, मग काही आठवड्यांत बारनेकल आणि नळीकृमी, हायड्रॉइड, मग कालवं, स्पंज, सीस्क्वर्ट. दगडी प्रवाळ सर्वांत शेवटी आणि फार सावकाश. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो, चार महिने उजेड कमी. त्यामुळे २२ मीटरवर रंगीत बाग प्रवाळांची नसून स्पंज आणि मऊ प्रवाळांची असेल. तीही सुंदर असते, पण जाहिरातीत अंदमानचे फोटो लावू नयेत.

जागा निवडताना खाली आधीपासून प्रवाळ आहे का ते पाहणं बंधनकारक समजा. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जिवंत खडकावर जहाज टाकून कृत्रिम खडक केला म्हणायचं, हे हास्यास्पद होईल.

आणि गंज. समुद्रात पोलाद साधारण वर्षाला ०.१ मिलिमीटर झिजतं. दोन्ही बाजूंनी पाणी, म्हणजे ०.२. सहा मिलिमीटरचा पत्रा तीसेक वर्षांत संपला, भोकं त्याच्या बऱ्याच आधी. पातळ पत्र्याची केबिन पहिली कोसळते. दर दोन वर्षांनी पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने मोजावी आणि जो भाग पातळ झाला तो आत जायला बंद करावा.

बारावाव

+१. अजून एक राहिलं: नौका बांधायची कशाला? जहाजाच्या कठड्याला दोर बांधायची सवय सगळीकडे दिसते. चार नौका रोज हिसके देऊ लागल्या की कठडा एका मोसमात उखडतो. वाळूत वेगळे काँक्रीटचे ठोकळे, जहाजापासून १५ ते २० मीटर अंतरावर, त्यावर साखळी, साखळीवर पाण्याखालीच राहणारा तरंगा आणि वर बोया. ठोकळ्यापासून जहाजापर्यंत तळालगत एक जाड दोर, गढूळ पाण्यात त्याला धरून जाता येतं. मे अखेरीस बोया आणि वरचा दोर काढून आणायचा, फक्त साखळी आणि पाण्याखालचा तरंगा ठेवायचा. ऑक्टोबरमध्ये पहिली डुबकी पर्यटकांची नसते. दोघा जणांनी कात्री घेऊन अडकलेली जाळी कापायची, खळगे मोजायचे, सैल झालेलं काय ते टिपायचं, मग बोया परत लावायचा.